एक किलोचं दळण

"चहा नको जी," विहीणबाई म्हणाल्या. "पाणीसुद्धा नको. माझं आहे माझ्याजवळ."

आणि पिशवीतनं त्यांनी बाटली काढली. नागपुरातनं भरून आणलेली. रात्रभर ट्रॅव्हल्सच्या गाडीत हिंदकळून ते पाणी कोमट झालं असणार, पण माझ्या सोप्यात बसून, माझ्या तांब्याकडं न बघता, त्या घोट घोट तेच प्यायल्या.

माझी सून वैदेही तांब्या हातात धरून दारात तशीच उभी राहिली.

"आई, एवढ्या लांबून आलीस. चहा तरी घे."

"तुला माहीत आहे ना, वैदेही?"

तिला माहीत होतं. मलाही माहीत होतं. लेकीला मूलबाळ झाल्याशिवाय तिच्या सासरी अन्नपाणी घ्यायचं नाही, ही रीत आमच्याकडंही होती. माझ्या आईनंसुद्धा रणधीर होईपर्यंत या घरात पाण्याला हात लावला नव्हता. पण मला रणधीर वर्षाच्या आत झाला. वैदेहीच्या लग्नाला सहा वर्षं झाली होती आणि पाळणा अजून माळ्यावरच होता.

मी तोंडाची फटकळ. मंगळवार पेठेत कुणालाही विचारा, सांगेल. पण सहा वर्षांत त्या एका गोष्टीवरनं मी सुनेला शब्द बोलले नव्हते, आणि गल्लीतली कुणी बोलली तर तिला दुसरा शब्द बोलू दिला नव्हता. आता हिची सख्खी आई माझ्याच सोप्यात बसून दर घोटाला तेच सांगत होती.

आत गॅसवर पांढरा रस्सा होता. रविवार म्हणून पहाटे उठून मटण शिजवलं होतं, तीळ-खसखस वाटून, नारळाचं दूध काढून. त्याला उकळी येऊ द्यायची नसते, फाटतो. मी आत गेले आणि गॅस बंद केला.

"मग जेवणाचं काय करणार?" मी बाहेर येऊन विचारलं.

"बाहेर खाईन जी. खानावळी असतीलच की तुमच्या गावात."

माझ्या दारातनं माणूस उठून खानावळीत जेवायला जाणार! ही आम्हा सरनोबतांच्या घरात नवीनच गोष्ट होती.

"बसा," मी म्हटलं. "लुगडं बदलून आलो. कुठं काय खायचं ते मी दाखवतो."

विहीणबाई माझ्याकडं बघत राहिल्या. "आलो? दाखवतो? तुमच्याकडं बायका पुरुषांसारख्या बोलतात काय हो?"

"आमच्याकडं बायका पुरुषांसारखं वागतात पण," मी म्हटलं. "बोलणं हळूहळू अंगवळणी पडंल."

या गोष्टीला आता वीस वर्षं झाली. विहीणबाईंचं नाव कमलिनी भोयर. नागपूरला महाल भागात राहायच्या. नवरा दोन वर्षांपूर्वी गेला होता, वैदेही एकुलती एक. मीही विधवाच, पण माझ्याकडं पोरगं होतं, सून होती, शिव्या द्यायला अख्खी गल्ली होती. हा फरक तेव्हा माझ्या डोक्यात आला नव्हता.

माझ्या डोक्यात वेगळंच होतं. आठ दिवसांपूर्वी रणधीरनं जेवता जेवता सांगितलं होतं, बुटीबोरीच्या एका कारखान्यातनं त्याला बोलावणं आलंय. नागपूरपासनं जवळच. हो की नाही ते बुधवारपर्यंत कळवायचंय.

"आणि इथली शिरोलीची नोकरी?"

"आहे ती. पण वैदेहीची आई एकटी पडलीय ना. आता त्या येताहेत रविवारी. बघू, मग ठरवू."

पुढं तो बोलला नाही. बापासारखाच आहे, अर्धं बोलतो, अर्धं भाकरीबरोबर गिळतो. पण मला कळायचं ते कळलं. बाई येतेय ती लेक-जावयाला घेऊन जायला. बघू म्हणजे काय, तर आमचं घर, आमचं गाव बघणार, नाक मुरडणार, आणि म्हणणार, काय ठेवलंय इथं, चला नागपूरला.

मग मीही ठरवलं. रविवार ते बुधवार. असं कोल्हापूर दाखवायचं, की बाईनं स्वतःच्या तोंडानं म्हणावं, हे सोडून कोण जाईल!

मिसळ खायची तर ती सकाळी. दुपारी मिसळ मागणारा माणूस बाहेरगावचा हे इथं लगेच ओळखतात. मी त्यांना पेठेतल्याच एका बारक्या दुकानात नेलं, जिथं बाकावर बसायला रांग असते आणि मालकाला हसायला वेळ नसतो. मालक हसतमुख असला तर ती मिसळ खाऊ नये. पाव मागायचा नाही, ब्रेडचे काप येतात. आणि कट, म्हणजे वरचा तांबडा रस्सा, वेगळा मागायचा, लाजायचं नाही. मी हॉटेलातलं सहसा खात नाही, पण कुठलं खायचं ते मला माहीत आहे. इथं ते जन्मतःच कळतं.

विहीणबाईंनी सगळा कट ओतला. मी वाट बघत होते. भल्याभल्यांच्या नाकाडोळ्यांतनं पाणी येतं. त्यांनी शांतपणे बशी पुसून खाल्ली.

"छान आहे जी," त्या म्हणाल्या. "तिखट कुठं आहे पण?"

शेजारच्या बाकावरचा माणूस वळून बघायला लागला. मला तिथंच जमिनीनं पोटात घ्यावं असं झालं.

बाहेर पडल्यावर कोपऱ्यावरच्या पिठाच्या गिरणीपाशी त्या थांबल्या. आत डोकावल्या.

"इथं एक किलोचं दळण घेतात काय हो?"

"एक किलोचं?" मी म्हटलं. "आमच्याकडं डबा भरून दळण नेतात. एक किलोसाठी तो पट्टा तरी चालू करंल का? आणि तुम्हाला काय करायचंय दळणाचं? तुम्ही तर माझ्या घरचं खाणार पण नाही."

त्या पुढं चालायला लागल्या. पैसे मात्र मिसळीचे त्यांनीच दिले होते, दोघींचे. मला देऊ दिले नाहीत.

सोमवारी अंबाबाई. सोमवारीच, कारण मंगळवार-शुक्रवारी देवळात पाय ठेवायला जागा नसते. आणि दुपारी, कारण बाहेरगावचे लोक तेव्हा जेवायला जातात. सगळं जग महाद्वारातनं शिरतं, आपण घाटी दरवाजानं शिरायचं. दर्शन नीट झालं. विहीणबाई देवीसमोर बराच वेळ हात जोडून उभ्या होत्या. काय मागत होत्या ते मला दिसत होतं. तेवढ्यापुरतं मी पण तेच मागितलं.

बाहेर येतो तर एका जोडप्यानं मला थांबवलं. लहान पोर कडेवर, कपाळाला नवंकोरं कुंकू.

"मावशी, बिंदू चौक कुठं आला?"

"चला," मी म्हटलं, आणि चालायला लागले.

"नाही, नुसतं सांगितलं तरी—"

"चला म्हणतो न्हवं."

बिंदू चौकापर्यंत नेऊन सोडलं त्यांना. विहीणबाई मागनं धापा टाकत.

"काय हो, नुसता हात दाखवला असता तर चाललं नसतं काय? ऊन किती आहे!"

"हात दाखवून माणूस चुकतो. आमच्यात रस्ता विचारला की नेऊन सोडतात. शाळेतलं पोर विचारा न्हाईतर पैलवान विचारा."

"अनोळखी माणसालासुद्धा?"

"ओळखीचा कशाला रस्ता विचारंल?"

यावर त्या हसल्या. पहिल्यांदाच. दात छान होते बाईचे.

संध्याकाळी रंकाळ्यावर बसलो. वाऱ्याला बायका फेऱ्या मारत होत्या, पांढऱ्या केसांच्या, पायात बूट घालून. विहीणबाई त्यांच्याकडंच बघत होत्या, पाण्याकडं नाही.

"या रोज येतात काय?"

"येतात की. घरात सुना राबतात, या इथं वारा खातात."

"भजनी मंडळ वगैरे आहे काय, तुमच्या पेठेत?"

"आहे. पण त्यात गळा लागतो."

"माझा बरा आहे," त्या म्हणाल्या.

"नागपूरला गा मग," मी म्हटलं.

वाटेत मंडई लागली. तिथंही तेच. पावशेर वांगी मिळतील काय, दोन काकड्या देतात काय, एवढीशी कोथिंबीर वेगळी देतात काय. मला वाटलं, बाई मुद्दाम करतेय. माझ्या गावाला कंजूस ठरवायला बघतेय. भाजीवालीला मी डोळ्यांनीच गप केलं आणि त्यांना म्हटलं, "आमच्याकडं जेवायला चार माणसं जास्तच असतात. पावशेरचा हिशोब आम्हाला येत नाही."

मंगळवारी दुपारी चप्पल लाईन. कोल्हापुरी घ्यायची तर शोकेसमधली घेऊ नये, आतली मागावी. पायात घालून दुकानात चार पावलं चालायचं आणि आवाज ऐकायचा. करकरली तरच घ्यायची. पहिले आठ दिवस चावते, रात्री तेल लावून ठेवायची, नंतर पायाची होते. दुकानदारानं विहीणबाईंच्या पायात एक जोड चढवला. बारीक वेणीचा, लाल गोंड्याचा. त्यांचा पाय खरंच शोभला त्यात. त्या चार पावलं चालल्या. करकरला.

"इथल्या पावसात टिकतील काय या?" त्यांनी मला विचारलं.

"पावसात कोल्हापुरी घालायची नसते. भिजली की संपली. आणि तुम्ही कशाला पावसात येताय इथं? तुम्ही तुमच्या नागपूरच्या उन्हातच बऱ्या."

दुकानदार हसला. मीही हसले. विहीणबाईंनी चपला काढल्या, एकीवर एक नीट ठेवल्या आणि दुकानदाराच्या हातात परत दिल्या.

"नको जी. राहू द्या."

त्यानंतर त्यांनी मला काही विचारलं नाही. कुठं नेऊ, काय दाखवू, सगळ्याला नुसतं त्यांचं नागपुरी "हाव", म्हणजे हो. मला वाटलं, जिंकले. बाईची बोलती बंद झाली.

दिवेलागणीला त्यांना गंगावेशीतल्या दूधकट्ट्यावर नेलं. ते मी शेवटाला राखून ठेवलं होतं. रस्त्याच्या कडेला म्हशी उभ्या असतात, धुतलेल्या, काळ्याभोर. आपल्यासमोर धार काढतात आणि फेसाचा पेला तसाच हातात देतात. कोल्हापूर सोडून कुठं बघायला मिळतं? मारुती गवळी आमच्या ओळखीचा.

"काय काकी, आज कसं येणं केलं? पाव्हणं कुठलं?"

"नागपूरचं. चांगल्या म्हशीचं दे. नाक मुरडलं तर तुझी म्हैस वाईट, माझं गाव न्हाई."

त्यानं पेला भरून पुढं केला. विहीणबाईंचा हात जरा मागं गेला.

"हे तुमच्या घरचं नाही ना?"

"म्हैस काय माझ्या सोप्यात बांधलीय? प्या."

त्या प्यायल्या. वरच्या ओठावर फेसाची मिशी राहिली. आणि पेला परत देता देता, मी शेजारी उभी आहे हे जणू विसरूनच, त्या मारुतीला म्हणाल्या:

"भाऊ, तुम्ही घरी रोजचं घालता काय? एका माणसाला अर्धा लिटर?"

"घालतो की. कुठल्या गल्लीत?"

विहीणबाई थांबल्या. मग पदरानं ओठ पुसला.

"राहू द्या. आता नाही लागणार."

एका माणसाला. मारुतीची म्हैस शेपटी हलवत होती आणि मी तिच्याकडं बघत उभी होते. एका माणसाला अर्धा लिटर. पावशेर वांगी, दोन काकड्या. भजनी मंडळ. पावसाळ्यात टिकतील काय. एक किलोचं दळण. रणधीर-वैदेहीचा संसार नागपूरला न्यायला आलेली बाई एक किलोचं दळण कशाला विचारेल?

घरी आल्यावर मी सुनेला स्वयंपाकघरात गाठलं. ती भाकरी थापत होती.

"वैदेही, तुझी आई कशाला आलीय?"

तिचा हात थांबला नाही. "तुम्हाला नाही सांगायचं ठरलं होतं, आत्या."

"आता सांग."

"तिकडं तिला घर खायला उठतं. ती म्हणाली, तुम्ही दोघं नोकरी सोडून येऊ नका, मीच तिकडं येते, जवळपास एक खोली बघते. तुमच्या घरी नाही राहणार, रीत नाही. फक्त गावात राहीन, तुझं तोंड दिसेल. पण आधी मी बघून येते म्हणाली, माझ्यासारखीला एकटीला जमेल का. तोवर कुणाला सांगू नका. नाही जमलं तर उगाच बोभाटा."

"मग?"

आता तिनं हात थांबवले.

"मग काय. तुमच्याबरोबर तीन दिवस फिरली. मघाशी मला म्हणाली, गाव सोन्यासारखं आहे, पण तुझ्या सासूला मी तिच्या गावात नको आहे. दर गोष्टीला मला परतीची गाडी दाखवते. उद्या दुपारी निघते, तुम्हीच या तिकडं." भाकरी तव्यावर टाकून ती म्हणाली, "ते उद्या हो कळवणार आहेत."

तव्यावरची भाकरी मीच उलटली, नाहीतर करपली असती.

बुधवारी सकाळी रणधीर डबा घेऊन निघाला तेव्हा त्याला दारात अडवलं.

"संध्याकाळपर्यंत बुटीबोरीला फोन करायचा न्हाई."

"का?"

"मी सांगतो म्हणून."

तो गेला. वैदेही तिच्या बालवाडीत गेली. विहीणबाई सोप्यात बॅग भरत होत्या, त्यांना म्हटलं, "बसा, मी आलोच." आणि बाहेर पडले. मटण आणलं. बुधवार, मोकळा वार. शिजत लावलं आणि परत बाहेर पडले. आमच्या गल्लीच्या मागच्या बोळात चंपूताई मिठारींचं घर, वरची खोली गणपतीपासनं रिकामी. चंपूताईची माझी बोलचाल बंद होती. कशावरनं ते आता आठवत नाही, तिच्या नातवाचा चेंडू होता की माझी मांजर. मी सरळ आत जाऊन तिच्या झोपाळ्यावर बसले.

"खोली पाहिजे."

"तुला?" चंपूताई म्हणाली. "सुनेनं काढली बाहेर?"

"काढंल तेव्हा तुझ्याकडं येणार न्हाई. विहिणीला पाहिजे."

चंपूताई उठली. मग किल्ली काढून झोपाळ्यावर ठेवली. भांडण होतं, पण बाई चांगली होती.

दुपारी विहीणबाई बॅग घेऊन उठल्या. माझ्या पाया पडायला वाकणार तर मी त्यांची बॅग उचलली.

"रिक्षा आली काय जी?"

"रिक्षा कशाला? चला, मी सोडतो."

"गाडी इतक्या जवळनं सुटते?"

"चला म्हणतो न्हवं."

मी पुढं, त्या मागं. गल्लीच्या कोपऱ्यावर मी गिरणीपाशी थांबले.

"हा शंकर. शंकर, ह्या बाईंचं एक किलोचं दळण येत जाईल. पट्टा चालू असला की आधी त्यांचं टाकायचं. हो का न्हाई?"

"सकाळीच सांगितलंय की काकी," शंकर म्हणाला. पिठानं पांढरा झालेला, तसाच हसला.

मी चालायला लागले. बोळाच्या तोंडाशी भाजीवालीची पाटी होती.

"ही पावशेर देते. वांगी बोटानं दाबून बघायची न्हाईत, चिडते. तुमच्या नागपुरात दाबतात का काय मला माहीत न्हाई." मग देवळाचं पत्र्याचं छप्पर दाखवलं. "तिथं भजन. सोमवार, गुरुवार. त्यातल्या दोघींना गळा न्हाई, तुम्ही आला तर बरंच होईल." आणि चंपूताईच्या जिन्यापाशी बॅग खाली ठेवली. "मारुती सकाळी अर्धा लिटर घालंल. नळ खाली दारात आहे, पाणी सहाला येतं. घागर भरून ठेवायची, नंतर जात असतं. वर चला, दाखवतो."

त्या जिन्याच्या पहिल्या पायरीशी उभ्या राहिल्या. चेहरा लाल झाला होता. उन्हानं म्हणा.

"हे काहून जी, विहीणबाई?"

"तुम्ही रस्ता विचारला होता. मी हात दाखवत बसलो. आमच्यात नेऊन सोडतात."

"माझी गाडी आहे दुपारी."

"आहे की. रोज असते. आजच जायला पाहिजे असं कुठं आहे? खोली बघा. नाही पटली तर उद्या गाडीत मी बसवतो, खिडकीपाशी."

"आणि पावसात कशाला येताय म्हणालात ते?"

"पावसात कोल्हापुरी घालू नका म्हणालो," मी म्हटलं. "वर बघा."

वरच्या दारापाशी मी सकाळीच ठेवल्या होत्या, प्लॅस्टिकच्या चपला, निळ्या, पावसाळ्यातल्या. अगदी साध्या. विहीणबाईंनी त्या बघितल्या. मग जिन्याच्या कठड्याला हात लावला आणि वर चढल्या. मी बॅग घेऊन मागनं.

खोली बारकी होती. मोरी आत, खिडकी बोळाकडं, आणि खिडकीतनं आमचं परसदार दिसायचं, वैदेही धुणं वाळत घालते ती दोरीसुद्धा. विहीणबाई खिडकीपाशी गेल्या आणि त्या दोरीकडं बघत उभ्या राहिल्या.

मी घरी परत आले. रश्श्याला नारळाचं दूध घातलं, उकळी येऊ दिली नाही. झाकण घालून, फडक्यात बांधून, भाकऱ्या घेऊन परत बोळ ओलांडला. त्यांनी भांडं बघितलं आणि हात मागं घेतला.

"नको जी. लेकीच्या घरचं आहे ते."

"लेकीच्या घरचं कुठलं? लेक गेलीय बालवाडीत. मटण मी आणलंय, वाटण मी वाटलंय. आणि आता तुम्ही माझ्या मागच्या बोळात राहता. शेजारणीचं आहे हे. शेजारणीचं खात नाहीत का तुमच्या नागपुरात?"

त्या खिडकीतनं बाहेर बघायला लागल्या, मग भांड्याकडं, मग माझ्याकडं. मला वाटलं आता रडतात. मग कसं सांभाळायचं ते मला कळत नाही.

"खातात," त्या म्हणाल्या.

वैदेही बालवाडीतनं घरी न जाता तशीच इकडं आली होती, चंपूताईनं सांगितलं असणार. जिन्याच्या मधल्या पायरीवरनं तिनं आत बघितलं. तिची आई भुईवर बसून भाकरी कुस्करत होती आणि मी वाढत होते. ती वर आली नाही. आल्या पावली खाली उतरली.

विहीणबाईंनी रश्श्याची वाटी तोंडाला लावली आणि खाली ठेवली ती रिकामीच.

"चव फार छान आहे जी," त्या म्हणाल्या. "तिखट कुठं आहे पण?"

"पांढरा रस्सा आहे तो!" मी ओरडलेच. "पांढरा रस्सा तिखट नसतो!"

"तेच म्हणते मी," त्या म्हणाल्या. "काहून नसतो?"

संध्याकाळी रणधीरनं बुटीबोरीला फोन करून नाही म्हणून सांगितलं.

वैदेहीला मूल झालं नाही. पाळणा शेवटी आम्ही चंपूताईच्या नातसुनेला दिला. विहीणबाई त्या खोलीत चौदा वर्षं राहिल्या आणि तेवढ्या वर्षांत त्यांनी माझ्या उंबऱ्याच्या आत घोटभर पाणीही घेतलं नाही. रीत ती रीत. मीही कधी आग्रह केला नाही. बोळ ओलांडायला मला काय वेळ लागत होता?

पण मला सांगायचंय ते दुसऱ्या दिवशीचं. दुसऱ्या दिवशी माझं भांडं परत आलं. आमच्यासारखंच नागपुरातही शेजारणीचं भांडं रिकामं परत करत नाहीत असं दिसलं. झाकण काढलं तर आत पाटवडीचा रस्सा होता, काळपट तांबडा, वर बोटभर तेलाचा तवंग. रणधीर आणि वैदेही माझ्याकडं बघत बसले होते. मी भाकरीचा तुकडा बुडवला आणि तोंडात घातला.

डोळ्यांपुढं अंधारी आली. कानांतनं वाफ निघाल्यासारखं झालं. नाक वाहायला लागलं ते मी पदराला पुसलं.

"कसं झालंय, आत्या?" वैदेहीनं विचारलं.

"बरं आहे," मी म्हटलं. "तिखट कुठं आहे पण?"

आणि तांब्या उचलून सगळा रिकामा केला.